शिरूरची तार, दौंडची तार

समस्त वाचकवर्गास प्रारंभीच गांभीर्यपूर्वक विदित करू इच्छितो की, पुढील मजकुरात आमच्या राहत्या घरी इंटरनेटच्या दोन तारा कशा आल्या, एक तार मूर्च्छित पडली असता दुसरीने तिचे कार्य तत्काळ हाती घ्यावे यासाठी मी कोणकोणते उपाय योजले, त्या उपायांनी गावात माझी कशी शोभा झाली, आणि अखेरीस दोन टिकल्यांनी हे प्रकरण कसे मिटले, याचे यथातथ्य कथन केले जाईल. यात पदरचे काही घातलेले नाही. जे अलंकार आले आहेत ते आपण होऊन आले आहेत.

आमची वाडी घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेली आहे. शिरूरला जावे तर घोडनदीच्या अंगाने, दौंडला जावे तर भीमेच्या पुलावरून. दुपारी ओसरीवर लवंडले की दोन्ही बाजूंच्या उसाची सळसळ कानी येते, आणि डोळा लागतो न लागतो अशा अवस्थेत आपण नेमके कोणत्या तालुक्यात आहोत याचेही मनुष्यास भान राहत नाही. अशा अवस्थेत मला लेखन सुचते. सुचलेले मी वहीत उतरवतो आणि सायंकाळी चहाच्या वेळी शेवग्याखाली बसून आमच्या सूनबाईस, म्हणजे चि. सौ. स्नेहलला, वाचून दाखवतो. ती कोरा चहा पिते आणि शेवटपर्यंत ऐकते. आमच्या सौभाग्यवती गिताबाई यांनी एकदाच ऐकले होते. "त्यापरीस शेंगा फोडल्या असत्या तर पाटीभर झाल्या असत्या," असा अभिप्राय त्यांनी दिला. तेव्हापासून स्नेहल ही माझ्या साहित्याची एकमेव श्रोती होय.

ही स्नेहल घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे काम करते. दवाखान्यात दाखल झालेल्या माणसांच्या विम्याचे कागद तपासायचे आणि त्यांच्या नातलगांशी पडद्यावर समोरासमोर बोलायचे, असे ते काम आहे. नातलग रडवेले असतात. आणि नेमके त्यांना धीर देत असता आमचे नेट जात असे. पडद्यावर स्नेहलचे तोंड उघडे ते उघडेच राही. शेवटी तिच्या वरिष्ठ अनुपमा मॅडम यांनी निक्षून सांगितले की, एक संपूर्ण बैठक न तुटता करून दाखवावी, अन्यथा पुण्यास येऊन कार्यालयात बसावे. स्नेहल पुण्यास गेली असती तर रांजणगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून आमचा मुलगा चि. सार्थकही तिच्यामागे गेला असता. घरात मी, गिताबाई आणि माझे अलंकारिक गद्य, असे तिघेच उरलो असतो.

आमचे नेट शिरूरकडून येई. ते पुरवणारा महेंद्र हा आमच्याच वाडीतला. खांबाखांबांवरून आणलेली त्याची तार रस्ता ओलांडताना जरा लोंबते, आणि साखर कारखान्याकडे जाणारी उसाची ट्रॉली गेली की वरच्या वाढ्यात, म्हणजे उसाच्या शेंड्यांत, अडकून तुटते. तक्रार केली असता महेंद्र म्हणे, "आप्पा, तार ठणठणीत हाय. ट्रॉल्याच उंच भरत्यात, त्याला मी काय करू?"

या विवंचनेत मी असता शेजारच्या सरूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आप्पा, एका म्हशीवर कुणी घर चालवतं का? एक आटली की दुसरी दुधावर पायजे."

हे वचन ऐकून माझ्या अंतःकरणात प्रकाश पडला. दौंडकडून पुलावरून येणारी दुसरी तार पप्पू नामक तरुणाकडे होती. तीही घ्यावी. एक आटली की दुसरी. मी डोळे मिटले, आणि मला घोड व भीमा या दोन नद्या आमच्या ओसरीतून वर चढून स्नेहलच्या टेबलापाशी एकमेकींना भेटताना दिसल्या.

येथे एक स्थानिक बाब नमूद करणे आवश्यक आहे. महेंद्र आणि पप्पू ही दोन मानकरी घराण्यांची मुले. यात्रेत बिरोबाची पालखी नदीवर जाते तेव्हा पुढचा दांडा महेंद्रच्या घराण्याच्या खांद्यावर असतो, परतताना पप्पूच्या घराण्याच्या. हा निवाडा माझ्या आजोबांच्या काळी झाला. त्याआधी एका वर्षी पुढे कोण या वादात देव दिवसभर रस्त्यातच बसून होता, असे सांगतात. मी ही गोष्ट लहानपणापासून जाणतो. तरीही दोघांच्या तारा एका घरात घेताना ती माझ्या ध्यानी आली नाही. प्रतिभावंत मनुष्याचे असे होते.

दुसरी तार रस्ता ओलांडणार म्हणून ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. ग्रामसेवकांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा वाचला.

"आप्पा, तुमच्याकडं नेट आहे ना?"

"आहे. परंतु दुसरेही हवे आहे."

"एका घरात दोन मीटर, दोन रेशनकार्ड, दोन नेट, म्हणजे घर फुटलं. यासोबत विभक्त कुटुंबाचा दाखला जोडा."

"आमचे कुटुंब अखंड आहे," मी म्हणालो.

"मग दुसरं नेट कुणासाठी?"

"पहिले पडले तर."

"पडू नये असं वाटत असेल तर पहिल्याची तक्रार करा. अखंड कुटुंबाला दुसरं देता येत नाही, तसा रकानाच नाही." एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि आवाज उतरवून विचारले, "सूनबाई वेगळ्या राहतायत का?"

मी काही बोलण्याच्या आत ही वार्ता कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या मंडळींनी वाडीभर नेली. दुसऱ्याच दिवशी कवठे येमाईहून माझे मेहुणे बन्सी पेरूंची पिशवी घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून अवतरले. ओसरीवर बसण्यापूर्वीच म्हणाले, "दाजी, पोरांला वेगळं काढायचं तर आदी आमाला इचारायचं व्हतं. भांडी वाटली का अजून?"

मी त्यांना इंटरनेटचे तत्त्व समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला विचारले, "अक्का, खरं काय ते तू सांग." सायंकाळपर्यंत आणखी दोन पाहुणे समेट घडवण्यासाठी आले. सर्वांना पुरणपोळी करावी लागली. जे घर फुटलेले नाही ते सांधल्याबद्दल प्रत्येकाने माझी पाठ थोपटली आणि मंडळी समाधानाने परतली. शेवटी दाखला मिळाला. अर्जात मी 'जनावरांच्या गोठ्यासाठी' असे लिहिले. त्याला रकाना होता.

पप्पूची तार आली. सार्थकने पुण्याहून एक काळी पेटी आणली, जिच्यात दोन्ही तारा बसतात आणि आत एक यंत्र बसून पाहत असते की कोणती जिवंत आहे. पेटी पाहून मला समाधान वाटले. मागील बाजूस मात्र एका भोकाखाली १ आणि दुसऱ्याखाली २ असे छापले होते.

महेंद्र त्याच सायंकाळी आला. चहा घेता घेता त्याने पेटी उचलून उलटी केली.

"आप्पा, एक नंबरला कुणाची तार?"

"तुझीच," मी म्हणालो. ते खरे होते.

पप्पू सकाळी आला, तोवर मी पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. त्याने पेटीला हात लावला नाही, केवळ विचारले, "मी राखीव तर न्हाई ना, आप्पा? आमच्या घराण्यात राखीव कुणी झालं न्हाई."

"छे, छे. तूच पहिला," मी म्हणालो. अशा प्रसंगी सत्याहून सलोखा श्रेष्ठ होय, असे माझे त्या वेळी मत होते.

परंतु मनाला टोचणी लागली. म्हणून सार्थककडून दोन्ही तारा समान करवून घेतल्या. ना पहिली, ना दुसरी, सर्व काम दोघींनी वाटून घ्यावे. न्यायाच्या दृष्टीने ही योजना निर्दोष होती. व्यवहारात असे झाले की, स्नेहल कंपनीच्या दारात शिरूरहून शिरे आणि पुढचे पाऊल दौंडहून टाकी. कंपनीच्या यंत्राला वाटे की ही एक बाई दोन गावांहून एकदम कशी आली, आणि ते तिला चोर समजून बाहेर काढी. दिवसभर तिला बाहेर काढण्यात आले. ती पुन्हा पुन्हा आत शिरत राहिली. चहाच्या वेळी मात्र माझे वाचन सुरू असता तिला शेवग्याखालीच झोप लागली. माझ्या वाचनाने झोप लागण्याची शक्यता मी प्रामाणिकपणे तपासली, पण तो परिच्छेद चांगला होता.

तेव्हा सार्थकने पुन्हा पहिली महेंद्रची आणि दुसरी पप्पूची असे केले. महेंद्रची तार तुटली की पेटी पप्पूकडे धावे. महेंद्रची जोडली गेली की उलट पावली त्याच्याकडे धावे. प्रत्येक धावेला स्नेहलचे बोलणे तुटे. एका तारेच्या काळात ते एकदा तुटत असे, आता जाताना आणि येताना असे दोनदा तुटू लागले. सार्थक म्हणाला, "आप्पा, एवढं चालतंय. बैठकीच्या वेळी फक्त कुणी ट्रॉली आणू नका."

बैठक गुरुवारी दुपारी होती. मी पारावर जाऊन मोठ्या आवाजात जाहीर केले की, गुरुवारी दुपारी आमच्या सूनबाईंची परीक्षा आहे, ती न तुटता पार पडली तर आमची मुले वाडीत राहतील, तरी कृपया त्या वेळी रस्त्यावरून ट्रॉली नेऊ नये. लोकांनी मान्य केले. पारावर महेंद्र बसला होता आणि पप्पूही. मी घरी गेल्यावर पारावर काय झाले, हे मला नंतर कळले. कुणीतरी पप्पूला म्हणाले, "तुझी काय राखीव तार, पप्पू. सगळं नेट महेंद्राचं." पप्पू म्हणाला, "आप्पांनी स्वतः सांगितलंय, पहिला मी." महेंद्र म्हणाला, "मला सांगितलंय." दोघांच्याही मनात एकच विचार आला, आणि तो त्यांनी एकमेकांस सांगितला नाही.

गुरुवार आला. स्नेहलने दार लोटून घेतले. मी पेटीसमोर पाटावर बसलो. पेटीवर दोन हिरवे दिवे लागले होते. आतून स्नेहलचा मृदू आवाज येत होता, "काका, घाबरू नका, तुमचा कागद माझ्यासमोरच आहे." बाहेर उसावर बगळे बसले होते. दिव्यांकडे पाहता पाहता माझे डोळे जड झाले. मला वडिलांची मेंढरे नदी उतरताना दिसली. पाण्यातून पांढरी ओळ जात होती, पुढे एक कुत्रा, मागे एक कुत्रा, आणि मधे मेंढरांऐवजी माणसांचे आवाज पोहत होते, कुणाचा काका, कुणाची आई, सगळे कोरडे राहून पैलतीराला लागत होते.

डोळे उघडले तेव्हा दोन्ही दिवे तांबडे होते.

मी खिडकीतून पाहिले. शिरूरच्या बाजूच्या खांबाला शिडी लावून महेंद्र वर चढला होता. त्याच्या हातात त्याच्याच तारेचे सुटलेले टोक होते. मी परसदारी धावलो. वाटेत म्हशीच्या आंबोणाच्या बादलीत माझा उजवा पाय गेला आणि बादलीसह मी दारात आलो. दौंडच्या बाजूच्या खांबावर पप्पू होता. त्याच्याही हातात टोक होते.

"आप्पा, बंद पडलं का?" पप्पूने आनंदाने विचारले.

"पडले," मी म्हणालो.

"मग? पहिला कोण?"

तेवढ्यात पुढच्या अंगणातून महेंद्रचा आवाज आला, "आप्पा, बंद पडलं ना? बगा, म्हंजी एक नंबर माझाच."

दोघांनीही हिशेब असा केला होता की, आपण तार काढल्यावर घर बंद पडले तर आपण पहिले, आणि न पडले तर दुसरा सांभाळून घेईल, सूनबाईंचे नुकसान नाही. दुसऱ्याने सांभाळून घ्यावे हा दोघांचाही विश्वास होता, आणि दुसरा त्याच वेळी खांबावर होता.

तारा जोडल्या गेल्या. पेटी शुद्धीवर यायला लागला तेवढा वेळ लागलाच. स्नेहल बाहेर आली. रागावली नाही. माझ्या पायातल्या बादलीकडे पाहून तिने ती हळूच काढली.

"आप्पा, मॅडम म्हणाल्या, सोमवारी पुन्हा बघू. पण ते शेवटचं."

त्या सायंकाळी ती शेवग्याखाली आली, चहा घेतला, आणि "आज काय लिहिलंत" असे विचारले नाही. मीही वही आणली नव्हती. शेवग्याची पाने गळून चहात पडत होती आणि ती काढण्याचे कुणास सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी गिताबाईंनी महेंद्र आणि पप्पू यांना बोलावून घेतले. दोघे ओसरीच्या दोन टोकांना बसले. गिताबाईंनी दोघांना चहा दिला, स्वतः मधे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "का रं महेंद्रा, पालखीचा खांदा बदलताना काय करता?"

"काय म्हंजी? दुसऱ्याचा खांदा खाली आल्याबगर आपला काढत न्हाई, काकू."

"आन् पप्पू, एकदा दुसऱ्यानं घेतली की?"

"तो दमोस्तवर मागत न्हाई. चालत्या पालखीत मागं घ्यायला गेलं तर देव हिसकतो."

"एवढं कळतं का तुमाला," गिताबाई म्हणाल्या. "मग माझ्या सुनंला का रं टाकली रस्त्यात? दोघांनी एकदम खांदं काढलं. आन् हे आमचं घरधनी, दोघांला सांगत सुटलं, पुढचा दांडा तुझाच, पुढचा दांडा तुझाच."

महेंद्रने बशीकडे पाहिले, पप्पूने चपलेकडे. माझ्याकडे मात्र दोघांनीही पाहिले. मी घसा साफ केला, परंतु योग्य शब्द सापडला नाही. हे माझ्या बाबतीत क्वचित घडते.

स्नेहल दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, हे पेटीला सांगता येतंय." तिने संगणक उघडला. पेटीच्या आत कुठेतरी एक चौकट होती, तिच्यातली खूण तिने काढून टाकली, आणि शेजारच्या चौकटीत, दुसरी तार आधीपासूनच खांद्याखाली सज्ज राहावी अशी एक खूण केली. मला समजावे म्हणून सावकाश सांगितले, "आत्तापर्यंत पहिली तार जिवंत झाली की ही लगेच तिच्याकडं परत पळायची, आप्पा. आता न्हाई पळणार. ज्याच्या खांद्यावर आहे त्याच्याच राहील, तो खाली बसेपर्यंत."

"आन् हे दिवं?" गिताबाईंनी विचारले. "कुणाचं चालू हाय ते ह्यांच्यावरून दिसतं ना?"

"दिसतं."

गिताबाईंनी आरशावरच्या पाकिटातून दोन तांबड्या मोठ्या टिकल्या काढल्या आणि दोन दिव्यांवर चिकटवल्या.

"काकू, मग कळणार कसं?" महेंद्र म्हणाला.

"न कळाया लावल्यात," त्या म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या.

सोमवारी मी पारावर काहीही जाहीर केले नाही. परिणामी ट्रॉली आली. स्नेहलचे दार बंद होते, आतून बोलणे ऐकू येत होते, आणि रस्त्यावरून उसाचा एक डोंगर डुलत डुलत येत होता. वरच्या एका वाढ्याने महेंद्रची तार अलगद उचलली, ताणली आणि सोडून दिली. तार गुलमोहरावरून खाली लोंबू लागली. मी दाराला कान लावला. स्नेहल बोलत होती, "तुमच्या वडिलांचं नाव..." आणि थांबली. मनुष्य आवंढा गिळायला थांबतो तेवढीच थांबली. "...कागदावर बरोबर आहे, ताई. काळजी करू नका."

माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा ती मेंढरे आली. या वेळी मी जागा होतो.

महेंद्र शिडी घेऊन आला. त्याने तार जोडली, शिडी भिंतीला टेकवली आणि पायरीवर येऊन बसला. पुलाच्या बाजूला आपल्या खांबाखाली पप्पू उभा होता. बहुधा पहारा देत असावा. महेंद्रने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"जोडली, आप्पा," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मागत न्हाई."

दार उघडून स्नेहल बाहेर आली. "झालं, आप्पा. वर्षभर घरूनच कर म्हणाल्या. पुढचं पुढं." मग पायरीवरच्या महेंद्रला पाहून तिने विचारले, "काय झालं, तार तुटली होती का?"

तिला कळलेच नव्हते. महेंद्रने मान डोलावली आणि हात वर करून पप्पूला खूण केली. पप्पूनेही हात वर केला. यात्रेत खांदा घेतल्यावर करतात तसाच.

तेव्हापासून बऱ्याच ट्रॉल्या गेल्या, एकदा पुलाकडचा एक खांबही कलला. आज या क्षणी आमच्या घरात शिरूरची तार चालू आहे की दौंडची, हे मला सांगता येणार नाही. पारावर दोघेही आपलीच चालू आहे असे समजून असतात आणि दोघांचेही बरे चालले आहे. बन्सी मात्र अजून फोन करून विचारतात, "घर जुळलेलं हाय ना, दाजी?"

प्रस्तुत कथन मी शेवग्याखाली स्नेहलला वाचून दाखवले आहे. तिने चहा संपेपर्यंत ऐकले आणि एकच सूचना केली की, टिकल्यांचा उल्लेख प्रारंभीच करू नये, गंमत जाते. ती सूचना मी विचारार्थ ठेवून घेतली आहे.

आजवर माझ्या लेखनास एकच ऐकणारी होती. आपण हे येथवर वाचलेत, म्हणजे मला दुसरी जोडणी मिळाली. त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. दोहोंत पहिला क्रमांक कोणाचा, हे मात्र कृपया मला विचारू नये.

आपला नम्र,
बिरदेव सखाराम कोळपे